दमाची घासाघीस

आत्या, तुझ्या तेरवीची वांग्याची भाजी अळणी झाली होती. तुझ्या पोरानं, गजूनं, आचारी बाहेरगावचा सांगितला होता, त्याला काय पडलंय. पंगतीत कुणी बोललं नाही. तेरवीच्या जेवणाला नावं ठेवत नाहीत. मी मात्र पहिल्या घासालाच मान वर केली, तुझं तोंड कसं झालंय ते बघायला. समोर तुझी सून, रेखावहिनी, पोळ्या वाढत होती. तू गेलीस हे मला स्मशानातून परतताना कळलं नव्हतं, ते त्या बिनमिठाच्या भाजीनं कळलं. तुझ्याच मळ्यातली वांगी आणि त्यांची ही दशा. तू असतीस तर तो आचारी केनवडची शीव ओलांडून सुखानं गेला नसता.

जेवणं उरकल्यावर बायका ओसरीवर टेकल्या. बाजारात तुझ्या शेजारी बसणारी लिंबूवाली मावशी होती त्यात. तिनं पदर तोंडाला लावला आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं शेजारणीला म्हणाली, "सोताची भाची दवाखान्यात कामाले, अन् मशीन लावू नाई देल्ली तिनं. मांगच्या टायमाले मशीनीनंच वाचली होती नं म्हातारी."

मी हात धुवायला म्हणून उठले ते परसातच उभी राहिले. उत्तर माझ्याजवळ होतं. पण ते आपल्या दोघींचं होतं, ते ओसरीवर मांडायला जीभ उचलेना. आणि खरं सांगू, त्या मावशीचा मला राग आला नाही, कारण तिनं जे विचारलं तेच मी रोज सकाळी दवाखान्याच्या पायऱ्या चढताना स्वतःला विचारते. म्हणून म्हटलं तुझ्याशीच बोलावं. तुझ्याशी बोलताना मधे कुणी बोलत नाही, आता तर तूही नाही.

माझ्या कामाचं नाव तुझ्या तोंडात शेवटपर्यंत बसलं नाही. मी फिजिओथेरपी शिकायला गेले तेव्हा तू बाबांना विचारलं होतंस, "पाय चेपाचं शिकाले एवढे वर्सं कायले लागते रे?" पुढं वाशीमच्या दवाखान्यात, आयसीयूत नोकरी लागली, तर बाजारभर सांगत फिरलीस की आमची शीतल मेलेल्या मानसाले उठून बसवते. दोन्ही खोटं, पण दुसरं मला आवडायचं. माझं काम या दोन्हींच्या मधलं. माणूस व्हेंटिलेटरवर बरेच दिवस राहिला की श्वास ओढायची त्याच्या अंगाची सवय मोडते. छाती आणि पोट यांच्या मधे एक पडदा असतो, तो खाली गेला की हवा आत येते. मशीन त्याचं काम करायला लागली की तो पडदा बसून खाणाऱ्या जावयासारखा होतो. थोड्याच दिवसांत त्याला काही जमेनासं होतं. मूळ आजार बरा होतो आणि माणूस मशीनला अडकून राहतो. त्या पडद्याला पुन्हा कामाला जुंपणं हे माझं काम.

हे सगळं मी तुला तुझ्या बाजेवर बसून सांगायची आणि तू मेथी निवडत "हं, हं" करायचीस. तेव्हा मला काय ठाऊक की हा धडा तुझ्यावरच गिरवायचा आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा मला केनवडच्या फाट्यावर उतरवून द्यायचे आणि तिथून तू मला घेऊन जायचीस. तुझे यजमान, आमचे मामाजी, गेल्यावर तू मळा एकटीनं धरला होतास. गजू तेव्हा लहान. विहिरीला उन्हाळ्यातही पाणी होतं म्हणून बाकीच्यांचं शिवार पिवळं पडलं तरी तुझं हिरवं असायचं: वांगी, पालक, मुळे, आणि कडेनं सगळा सांबार. कॉलेजात पुण्याच्या मुली भेटल्या, त्या सांबार म्हटलं की इडलीबरोबरचं पातळ समजायच्या. मी त्यांना सांगायची, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि आमच्या आत्याच्या सांबाराचा वास बोटांना दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो.

बाजाराच्या दिवशी तू मला पोत्यावर शेजारी बसवायचीस. तुझा आवाज सगळ्या ओळीत वर. "घ्या वांगे, लोण्यावानी वांगे." गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की तू आधी त्याच्या सासरची चौकशी करायचीस, मग आईची, मग भाव धरून ठेवायचीस, आणि तो हरून पैसे काढायला लागला की वरून मूठभर सांबार त्याच्या पिशवीत टाकायचीस. "मागितलं नाई तरी द्याचं," तू मला सांगायचीस, "अन् मागितलं तं नाई म्हनाचंच नाई." घासाघीस करायची ती भावाची. वरच्या मुठीला तू कधी कुणाला नाही म्हटलं नाहीस.

दुसरा तुझा कायदा होता तो असा की बसलेल्या जागी थकलेलं दिसायचं नाही. थकलेल्या बाईचा माल लोक शिळा समजतात. एकदा तुला ताप होता, हात लावला तर चटका बसत होता, आणि कुणीतरी विचारलं, "काय माय, कशी हायेस?" तू म्हणालीस, "बेस." तुझं ते "बेस" मी आयुष्यभर ऐकलं. पायात काटा मोडला तरी बेस, मामाजींच्या मागं वर्षभरानं कुणी विचारलं तरी बेस. मला लहानपणी वाटायचं आत्याला काही होतच नाही. नंतर त्याच शब्दानं घात केला.

मागल्या खेपेची, दोन वर्षांपूर्वीची ती थंडी. तुला न्यूमोनिया झाला. गजूनं तुला गाडीत घालून आणलं तेव्हा तुझे ओठ निळे होते आणि तरी दारातल्या सिस्टरला तू मान हलवून बरी आहे असं सांगत होतीस. त्याच संध्याकाळी तुला मशीनवर घेतलं. मग दिवस लांबले. घशातली नळी काढून गळ्याला छोटं भोक पाडून तिथं नळी बसवली. फोटोत फुफ्फुसं निवळायला लागली, ताप उतरला, आणि आम्ही मशीन जरा कमी केली की तुझा जीव कासावीस. आमचे मोठे डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, "फुफ्फुसं झाली बरी. ओढायला स्नायूच उरले नाहीत. आता तुझी पाळी."

गजूला हे पटेना. तो गेटजवळ चहाच्या टपरीवर माझ्याशी भांडला.

"ताई, बिमार मानसाले कोनी काम सांगते का? पडून राहू दे नं तिले. जिंदगीभर पडली नाई बिचारी."

"गजू, तुया पायाचं प्लास्टर काढलं होतं तवा पाय कसा दिसे?"

गाडीवरून पडून त्यानं पाय मोडून घेतला होता आणि प्लास्टरमधून निघालेला पाय बघून तू म्हणाली होतीस की हा पाय बगळ्याचा आहे, माझ्या पोराचा कुठं ठेवला.

"आत्याच्या आतमधी तसंच झालं हाये," मी म्हटलं. "आराम करून तो पाय भरला होता का?"

"नाई. चालूनच भरला." मग म्हणाला, "पन मले पाहू देऊ नको तू काय करते ते." आणि तो खरंच त्या वेळेला बाहेर जाऊन बसायचा.

यंत्र मुठीएवढं, प्लास्टिकचं. आत एक स्प्रिंग. तुझ्या गळ्याच्या नळीला जोडायचं आणि तू जोर लावून हवा ओढलीस तरच ते उघडणार. थोडेच श्वास, मग पुन्हा मशीनवर विसावा, मग पुन्हा थोडे. दिसायला काहीच नाही. पण पहिल्या दिवशी दुसऱ्याच श्वासाला तुझ्या गळ्याच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या आणि तू माझा हात असा झटकलास की यंत्र खाटेखाली गेलं. आवाज नव्हता, पण तुझे ओठ मला वाचता येत होते. "काहून वं मले छळून राह्यली?" मी यंत्र धुऊन पुन्हा आणलं. तू भिंतीकडे तोंड केलंस. मी त्या बाजूला गेले. तू पुन्हा इकडं वळलीस. असा आपला खेळ चालला आणि शेजारच्या खाटेवरच्या किन्हीराजा गावच्या म्हाताऱ्याची सून तोंडाला रुमाल लावून हसत होती.

जमायला लागलं हळूहळू. स्प्रिंग घट्ट व्हावी म्हणून मी यंत्राचा खटका किंचित पिळायची आणि तू ओळखायचीस. बोटानं खूण करायचीस, मागं फिरव. मी म्हणायची, "नाई." तू दोन बोटं जोडून दाखवायचीस, एवढं तरी. मी अर्धं मागं फिरवायची. तुझ्या तोंडावर तो बाजारातला विजय यायचा, आणि तुला हे माहीत नव्हतं की मी मुळात जरा जास्तच पिळून सुरुवात करायची. तुझ्याच पोत्यावर बसून शिकले होते.

मग तो दिवस आला. तुला पहिल्यांदा मशीनवरून पूर्ण उतरवून नुसत्या ऑक्सिजनवर ठेवलं होतं. भेटायच्या वेळेला केनवडहून माणसं आली, तुझी जाऊ, व्याही, बाजारातल्या दोघीतिघी. काचेपलीकडून सगळे बघत होते. डॉक्टरांनी खाली वाकून विचारलं, "काकू, दम लागतो का?" तू मान हलवलीस, नाही. सिस्टरनं विचारलं, तिलाही नाही. काचेकडे बघून तू दोन्ही हात जोडलेस, वर हसलीससुद्धा. मी दुसऱ्या टोकाला एका पेशंटला बसवत होते. सिस्टरला तुझ्या कपाळावरचा घाम दिसला म्हणून बरं झालं. रक्त तपासलं तर आतमधे बाहेर न पडलेला कार्बन डायऑक्साइड साठून तुला गुंगी येत चालली होती. पुन्हा पूर्ण मशीन. जमवलेलं सगळं गेलं, पहिल्यापेक्षाही मागं गेलो आपण.

शुद्धीवर आल्यावर मी तुझ्या उशाशी बसून विचारलं, "आत्या, दम लागून राह्यला होता तं सांगतलं काहून नाई?"

तुझे ओठ हलले. "एवढे लोकं पाहून राह्यले होते."

"मंग?"

"मंग बेस म्हनलं."

मी तुझ्यावर ओरडले त्या दिवशी. आयसीयूत ओरडत नाहीत, मी ओरडले. म्हटलं, इथं माल विकायला बसलेली नाहीस तू. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही. मग मी तुला बोटांचा हिशेब शिकवला. दम अजिबात नाही तर मूठ, जीव जायची वेळ आली तर दहा बोटं, मधलं सगळं तू ठरव. आम्ही सगळ्याच पेशंटना हे विचारतो. पण बाकीचे पेशंट आकडा सांगतात आणि तू भाव सांगायचीस. छाती भात्यासारखी चाललेली आणि वर दोन बोटं. मी सिस्टरला सांगून ठेवलं, हिच्या बोटांची दुप्पट धरायची. चार दिवसांत तुझ्या ते लक्षात आलं. मी "चार" म्हणून लिहिते हे तू ऐकलंस आणि पुढच्या खेपेला एकच बोट दाखवलंस. तेही अर्धं वाकवून.

मी म्हटलं, "आत्या, अर्धं बोट? मामाजीनं हुंड्यात तरी एवढी घासाघीस केली होती का?"

तू हसलीस. गळ्यात नळी असलेलं माणूस हसलं की मशीनला ते कळत नाही, ती ठणाणा करायला लागली. दोन सिस्टर धावत आल्या. एकीनं नळी तपासली, दुसरीनं मशीनवरचे आकडे. आणि आपण दोघी, तू बिनआवाजाची आणि मी तोंड दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतो. इतकी वर्षं त्या खोलीत मशीन ओरडताना ऐकतेय मी. आनंदानं ओरडलेली तेवढी एकदाच.

त्या दिवसानंतर तू खरी बोटं दाखवायला लागलीस. का ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा घासाघीस सुरू झाली असती. सकाळी काम, दुपारी मशीनवर विसावा, संध्याकाळी पुन्हा थोडं. खटका पुढं जात राहिला. एक दिवस मशीन तुझ्या खाटेपासून ओढून भिंतीला लावली आणि ती तिथंच राहिली. गळ्याच्या नळीला बूच लावून डॉक्टर म्हणाले, "काकू, बोला काहीतरी." खोलीतले सगळे थांबले. गजू रेखावहिनीला घेऊन आत आला होता, त्याचा चेहरा बघवत नव्हता. तू त्याच्याकडे बघून घोगऱ्या आवाजात विचारलंस, "वांगे तोडले का रे?"

"तोडले माय."

"कोनं? हिनं? देठं ठेवले का नाई?"

रेखावहिनी आजही ते सांगून हसते. अगं, तेरवीच्या दिवशीसुद्धा सांगत होती.

घरी गेल्यावर आपलं भांडण सुरू झालं, ते अजून मिटलेलं नाही. मी तुला यंत्र घरी दिलं होतं. रोज सकाळी ओढायचं. तू ते देव्हाऱ्यात नेऊन ठेवलंस. हळदकुंकू वाहिलंस त्याला. मी विचारलं की ओढतेस का, तर म्हणालीस, "देवाले कोनी चाटते का?" पोतं टाकून पुन्हा बाजारात बसायला लागलीस, मला न सांगता. मी रागावून आले तर म्हणालीस की बाजारात बोंबलते तेच माझं यंत्र. मी म्हटलं, ओरडणं म्हणजे हवा बाहेर सोडणं, आपल्याला आत ओढायचा जोर हवा. तू पालकाच्या जुड्या बांधता बांधता म्हणालीस, "आत घेतल्याबिगर भाहीर कुठून येईन वं?"

उत्तर मला घरी परतताना एसटीत सुचलं, पुढच्या खेपेला घेऊन आले तर तू विषय बदललास. ते उत्तर अजून माझ्याकडे पडून आहे. बरोबर माझंच आहे, एवढं सांगून ठेवते. पण तुझा आवाज खरंच परतला होता, पहिल्यासारखा नाही, तरी सहाव्या पोत्यापर्यंत जाईल एवढा, आणि ते बघून मला भांडणात जोर लावता येत नव्हता. त्या दोन वर्षांत तू गजूच्या पोरीचं बारसं केलंस. विहिरीकडेला शेवग्याची दोन झाडं लावलीस. पोहरादेवीच्या यात्रेला जीपमधून जाऊन आलीस आणि गर्दीत चप्पल हरवून अनवाणी परत आलीस. मी तुला ओरडायला फोन केला, तर जुनीच चप्पल होती म्हणालीस, देवीनं बरं केलं.

त्या दोन वर्षांतली एक दुपार मला सोडत नाही. मळ्यात, शेवग्याच्या विरळ सावलीत, आपण दोघी सांबाराच्या जुड्या बांधत होतो. मी मूर्खासारखं विचारलं, "आत्या, मशीनवरचं आठवते का तुले?"

तू सांबाराची मुळं झाडलीस. मग म्हणालीस, "तुया चपलीचा आवाज आठवते. रोज सकाळी आला का मी डोये मिटून घेऊ. झोपल्यावानी."

मला ते लागलं. मला वाटायचं तू माझी वाट बघतेस.

"मले तुयी भीव वाटे, पोरी. तू आली का दम ओढा लागन, हे मालूम होतं नं." जुडी बांधून तू दाभणासारखी बोटं दोऱ्यातून काढलीस. "अन् तू आली नसती तं मी गेली असती. दोन्हीबी खरंच हाये."

"आत्या, असं काहून म्हनते?"

"तू इचारलं म्हनून. आयक, एक डाव केलं म्या. बेस जगली त्याच्यानंतर, तुये लय उपकार हायेत. पन पुन्हा मले त्या मशीनवर नेऊ नको."

मी म्हटलं असं बोलू नये. म्हटलं, आता तुझ्या अंगाचा हिशेब मला कळलाय, पुढच्या वेळी लवकर उतरवीन. तेवढ्यात रेखावहिनी चहा घेऊन आली आणि तू तिला साखर कमी पडल्याचं सांगायला लागलीस. मी जुड्या मोजत बसले. तेही भांडण अर्धंच राहिलं. मला वाटलं होतं, वेळ आहे.

या थंडीत तुला पुन्हा आणलं. तोच आजार, पण या खेपेला हृदयही थकलेलं. तोंडावर मास्क होता, त्यानं जेमतेम धकत होतं. सकाळी दहाच्या सुमाराला मोठ्या डॉक्टरांनी मला आणि गजूला तुझ्या खाटेजवळच बोलावलं. ते खरं बोलणारे माणूस आहेत. म्हणाले, मशीनवर घेतलं तर वाचूही शकतात. पण या वेळी दिवस जास्त लागतील, आणि उतरतील की नाही हे कुणी सांगू शकत नाही. मग ते तुझ्याकडे वळले, कारण तू पूर्ण शुद्धीवर होतीस. सगळं पुन्हा, सोप्या शब्दांत, तुला सांगितलं. तू मान हलवलीस, मशीन नको. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. पुन्हा तीच मान.

गजू रडायला लागला. "ताई, तू सांग. तू म्हनशीन तसं."

आत्या, तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते. माझ्या हाताला सगळं ठाऊक होतं. यंत्र कुठल्या कपाटात आहे, खटका कुठून सुरू करायचा, दिवसातून किती, विसावा किती. मला वाटत होतं की मी एकटी तुला ओढून काढीन. यापेक्षा वाईट पेशंट मी उतरवलेत. जे उतरले नाहीत तेही मला आठवत होते, पण त्या क्षणी मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

तू मास्क जरा बाजूला केलास. दोन शब्दांना एक श्वास लागत होता. "शीतल. तू काय म्हनते?"

म्हणजे तू दार उघडं ठेवलंस. सगळ्यांना नाही म्हणून झाल्यावर माझ्यासाठी ठेवलंस. मी तुझा मास्क नीट बसवला, म्हटलं, "तू सांगतलं होतं नं मळ्यात. माया ध्यानात हाये." तू डोळे मिटलेस आणि तुझ्या कपाळावरची आठी गेली. डॉक्टरांनी दम हलका करणारं औषध सुरू केलं. गजूला मी तुझ्या पायाशी बसवलं. दुपारी उन्हं खिडकीतून तुझ्या पांघरुणावर आली होती. तू त्या उन्हातच गेलीस. दम लागला नाही तुला. हे मी या कामातली माणूस म्हणून सांगते, तुझं समाधान म्हणून नाही.

लिंबूवाल्या मावशीला मी हे सांगणार नाही. तिला वाटतं मी मशीन लावू दिली नाही, तर वाटू दे. गजूलाही पुरतं कळलेलं नाही. त्याला वाटतं तुझा निर्णय आधीच पक्का होता. तुझ्या मानेनं दोनदा नाही म्हटलं हे त्यानं पाहिलं, तिसऱ्यांदा तू काय विचारलंस ते त्याच्या रडण्यात त्याला ऐकू गेलं नाही. ते फक्त मला ठाऊक आहे. एक दिवस राहा, एक आठवडा राहा, बारसं झालेली पोर चालायला लागेपर्यंत राहा, असं काहीही मी म्हणू शकले असते. माझ्या जिभेवर होतं. मला तू हवी होतीस, आत्या, मशीनवर, भिंतीकडे तोंड करून, माझ्यावर चिडलेली, कशीही. मी मागितलं नाही, कारण मागितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस.